भिंत पिकवायला घातली त्याची गोष्ट

आमच्या देवळाचं आजवर सर्वांत जास्त नुकसान कुणी केलं असेल, तर ते मी. दोनदा केलं, आणि दोन्ही वेळा अगदी मनापासून केलं.

देऊळ तसं लहानच आहे. वसईजवळ, राजोडीच्या अलीकडे आमच्या वाड्या आहेत, केळी-नारळाच्या. त्यांच्या मधोमध देवीचं कौलारू देऊळ, दगडी भिंती आणि त्यांवर चुन्याचा गिलावा. आमच्या भावकीतल्या पाच घरांचं ते देऊळ. किती जुनं आहे हे कुणालाच ठाऊक नाही, आणि ठाऊक नसल्यामुळे प्रत्येक घर आपापल्या हिशेबाने शंभरेक वर्षं वाढवून सांगतं. गाभाऱ्याशेजारच्या भिंतीवर हात होते. म्हणजे हातांचे ठसे. कुठल्याही घरात नवी सून आली की भिंतीवर वीतभर जागेत ताजा चुना लावायचा, आणि तो ओला असतानाच नवरीने गेरूत बुडवलेला उजवा हात त्यावर दाबायचा. चुना वाळला की हात भिंतीतच मुरायचा. अशा हातांच्या ओळीच्या ओळी होत्या, खालचे फिके, वरचे ठसठशीत.

मला ते डाग वाटायचे. याला माझा धंदा कारण आहे. मी जन्मभर बिल्डरांकडे साइट सुपरवायझर होतो. एव्हरशाईन सिटीपासून विरारपर्यंत किती स्लॅब माझ्या देखरेखीखाली पडले त्याची गणती नाही. चुना म्हटलं की मला फक्त पान आठवायचं. त्यामुळे पंधरा वर्षांपूर्वी, नाना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी विरारला मुलीकडे गेले होते तेव्हा, त्यांना परतल्यावर छान धक्का द्यायचा म्हणून मी देवळाचं काम काढलं. (धक्का बसला. छानचं बघू पुढे.)

नाना म्हणजे माझे धाकटे काका. माझे वडील लवकर गेले, मला नानांनी आणि काकूने वाढवलं. काकूला जाऊन तेव्हा नुकतं वर्ष झालं होतं. नाना रोज सकाळी देवळात जाऊन त्या भिंतीसमोर तासभर बसायचे. भिंतीला ओल आली होती, पोपडे सुटत होते, आणि म्हाताऱ्या माणसाने असल्या कळकट भिंतीकडे तोंड करून बसावं हे मला बघवेना. मी उत्तम सिमेंट आणलं. जुन्या गिलाव्यावर नवं प्लास्टर धरावं म्हणून आधी छिन्नीने टोचे मारतात, ते मारून घेतले. गवंडी हात आखडता घेत होता, त्याच्या डोक्यावर उभा राहून मी फूटभर चौरसात वीस टोचे मोजून घेतले. कामात हयगय मला खपत नाही. मग जाड प्लास्टर, त्यावर पिस्ता रंगाचा ऑइलपेंट, आणि खाली कमरेइतक्या चकचकीत फरशा.

नाना आले. काळा चष्मा लावून भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले. चष्म्याखालून पाणी येत होतं, मी ऑपरेशनचं समजलो. शेवटी म्हणाले, "काम चोख केलंयस." हे वाक्य मी पंधरा वर्षं प्रशस्तिपत्रकासारखं मिरवलं. त्या दिवशी तर पाचही घरांत पेढे वाटले.

पुढची हकीकत भिंतीने सांगायला सुरुवात केली. फरशांच्या वर पांढरा खार फुटला. रंगाला फोड आले. चौथ्या-पाचव्या पावसाळ्यानंतर भिंतीला पोट सुटलं, मग वर्षागणिक ते वाढत गेलं. प्रत्येक वेळी मी फोड खरवडून आणखी सिमेंट लिंपलं. नव्या सुनांचे हात त्या ऑइलपेंटवर टिकेनात. गेरू घसरून ओघळायचा, फोटोत ते भलतंच काहीतरी दिसायचं, म्हणून दोन लग्नांनंतर ती प्रथाच बंद पडली. मीच म्हणालो की काळाप्रमाणे बदलायला हवं.

परवाच्या उन्हाळ्यात दुसऱ्या घरातला माझा चुलतभाऊ विलास याने भावकीची बैठक बोलावली. त्याच्याकडे नव्या देवळाचा नकाशा तयार होता: आरसीसी, घुमट, आत एसीची सोय. भिंत पडायला आली आहे, कुणाच्या अंगावर कोसळली तर जबाबदार कोण, हा त्याचा मुद्दा, आणि तो खोटा नव्हता. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तर स्लॅबची जाडी किती ठेवावी तेही सांगून टाकलं. नाना उठताना म्हणाले, "भिंत पाडाल त्या दिवशी मला मुलीकडे पाठवा. मला इथं नसू द्या."

घरी आल्यावर मी बायकोला म्हटलं, नाना उगाच हळवे होतायत. शुभदा वाटाणे सोलत होती. सोलता सोलताच म्हणाली, "काकूंचा हात आहे त्या भिंतीत. तिसऱ्या ओळीत, कोनाड्याजवळ. नाना रोज जाऊन कोणासमोर बसायचे, असं वाटलं होतं तुम्हाला?"

मी म्हटलं, मग तेव्हा का नाही बोललीस? ती म्हणाली की ती माहेराहून परतली तेव्हा मी पेढे वाटत होतो, आणि तोवर प्लास्टर वाळलं होतं. तिचा स्वतःचा हातही त्याच भिंतीत होता. खरं सांगतो, मी तेव्हा विचार केला होता तो एवढाच, की हात काय, पुन्हा उमटवता येतील. काकूला पुन्हा बोलावता येणार नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पंधरा वर्षं नाना माझ्या पिस्ता रंगासमोर बसत होते आणि मला वाटत होतं त्यांना रंग आवडलाय.

दुसऱ्या दिवशी मी पुतणीला फोन केला. मुक्ता ही विलासची मुलगी. वसईत एव्हरशाईन सिटीत राहते, आणि जुन्या इमारती जपण्याचं शिक्षण घेऊन तेच काम करते. (एवढं शिकून पोरगी मोडक्या भिंतीत आयुष्य घालवते, असं मीच चारचौघांत बोललो होतो.) तिने भिंतीवर बोटाने टकटक केलं, कान लावला, खार चाटून बघितला. मग मला समजावलं. दगड-चुन्याची भिंत जमिनीतली ओल शोषते आणि हवेत सोडून देते. मी सिमेंट, रंग आणि फरशा चढवून तिला भर मे महिन्यात रेनकोट घालून बसवलं होतं. ओल आत कोंडली, चुना कुजला, पोट सुटलं. पावसाने, वाळवीने किंवा वयाने यातलं काही झालेलं नव्हतं.

"म्हणजे नेमकं कशाने?" सोबत आलेल्या विलासने विचारलं.

"अरुणकाकाने," ती माझ्याकडे बघत म्हणाली.

भिंत वाचेल, पण सिमेंट पूर्ण काढावं लागेल, तेही हाताने, मशीन न लावता, असं तिने सांगितलं. विलास बापच होता तिचा, तरी सहजासहजी ऐकेना. शेवटी असं ठरलं की घटस्थापनेपर्यंत भिंत ठीकठाक करून दाखवायची. नाही झाली तर दसऱ्यानंतर देऊळ पाडायचं.

कामाला जूचंद्र गावचा पांडू मेस्त्री आला. पहिल्या दिवशी दोन तास छिन्नी चालवून त्याच्या हाती बशीएवढा तुकडा लागला. घाम पुसत म्हणाला, "साहेब, हे कोनी केलंय? लय पक्कं केलंय." मी म्हटलं, असेल कुणीतरी. सिमेंट निघायला सबंध आषाढ गेला. माझं काम इतकं चांगलं असल्याचं मला आयुष्यात एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं.

सिमेंटखालून हात बाहेर आले. आले, पण देवीच्या कोपाने सगळ्या गावाला गोवर आल्यासारखे. प्रत्येक हातावर टोचे. फूटभर चौरसात वीस, मी मोजून घेतलेले. शुभदाचा तळवा दिसत होता, बोटं गेली होती. काही हात सिमेंटबरोबरच निघून आले. कोनाड्याजवळ तिसऱ्या ओळीत एक हात अर्धा शिल्लक होता, अंगठा, तळवा आणि शेवटची दोन बोटं. करंगळी आत वळलेली. माहेरच्या पानवेलीत कोयता लागून काकूची करंगळी लहानपणीच वाकडी झाली होती, त्यामुळे ओळख पटवायला कुणाला विचारावं लागलं नाही.

नानांना आणलं. ते खाली बसले, नेहमीच्या जागी. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा रोज सकाळी येऊ लागले, आणि पांडू ते उठेपर्यंत छिन्नी हातात घेत नसे.

आता उरला होता चुना. तो महिनाभर भिजत घातलेला होता. त्यात गूळपाणी, हिरड्याचं पाणी आणि चाळलेली रेती. पोट सुटलेला भाग उतरवून पुन्हा बांधला आणि हातांच्या भोवतीने पातळ गिलावा दिला. मुक्ताचा नियम एकच, घाई नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत सावकाश घट्ट होतो, त्यावर ओली गोणपाटं ठेवायची आणि वाट बघायची. पण भाद्रपद संपत आला तरी पाऊस हटेना. बोट लावलं की गिलावा लोण्यासारखा दबायचा. विलास रोज येऊन भिंतीवर बोट दाबून जायचा. अशात मुक्ता चार दिवसांसाठी परगावच्या कामाला गेली. जाताना मला बजावून गेली, "काका, काही करायचं नाही. फक्त गोणपाट ओलं ठेवायचं."

आता, मी सुपरवायझर. काही न करण्याचा मला अनुभव नाही. मी विचार केला: चुन्याला कार्बन डायऑक्साइड हवा. तो भरपूर कशात असतो? धुरात. आणि धूर द्यायचं ज्ञान आमच्याइतकं कुणाला आहे? आमच्या घराण्याने पिढ्यान्पिढ्या राजेळी केळी पिकवली. कोंदट खोलीत लोंगर, म्हणजे केळ्यांचे घड, रचायचे, फटी बुजवायच्या, कोपऱ्यात भाताचं तूस धुमसत ठेवायचं आणि दार लावून घ्यायचं. दोन-तीन दिवसांत हिरवीकंच केळी सोन्यासारखी होतात. विज्ञान आणि परंपरा यांचा एवढा सुंदर मेळ माझ्याआधी कुणालाच कसा सुचला नाही, याचं मला नवल वाटलं.

सकाळी नाना उठून गेल्यावर मी कामाला लागलो. देवीचा मुखवटा आधीच नानांच्या घरी हलवलेला होता. खिडक्यांना ताडपत्री ठोकली, कौलांच्या फटीत केळीची सुकी पानं कोंबली, तीन घमेल्यांत तूस आणि नारळाच्या शेंड्या पेटवून धुमसत ठेवल्या. गोणपाटं काढून टाकली, कारण पिकायला घातलेल्या मालावर कुणी पाणी मारत नाही. पांडू दारात उभा राहून बघत होता. "साहेब, भिंत हाय ती. केळीचा लोंगर नाय," तो म्हणाला. मी त्याला कार्बन डायऑक्साइड समजावून सांगितला. तो चहाला निघून गेला.

दुपारी दोनच्या सुमारास कौलांतून धूर दिसू लागला. मला तो प्रगतीचा वाटला, गावाला आगीचा वाटला. देवळाला आग लागली म्हणत माणसं बादल्या घेऊन धावली. सगळ्यांत पुढे विलास, वाडीला पाणी देणाऱ्या मोटरचा पाइप ओढत. ज्या देवळाला तो पाडायला निघाला होता ते वाचवायला तो अनवाणी धावत आला होता. त्याने दार ढकललं आणि पाइप भिंतीकडे रोखला.

आत काय झालंय ते मला त्याच क्षणी दिसलं. भिंत तव्यासारखी काळी. घमेल्यांच्या धगीने ताजा गिलावा तडकून त्याला भेगाच भेगा पडलेल्या. वर पाण्याचा मारा बसला असता तर सगळंच खाली आलं असतं. मला दुसरं काही सुचलं नाही. मी धावत जाऊन कोनाड्यासमोर दोन्ही हात पसरून उभा राहिलो. तीन अश्वशक्तीची मोटर आहे ती. पाणी छातीवर बसलं तसा माझा श्वासच अडकला. विलास ओरडत होता, दादा बाजूला हो, आणि मी ओरडत होतो, आग नाहीये, आग नाहीये. कुणीतरी मोटर बंद केली तेव्हा मी ठिबकत होतो आणि तोंडावर इतकी काजळी होती की जमलेल्या माणसांनी आधी मला ओळखलंच नाही, मग हसू दाबलं.

गर्दीतून नाना पुढे आले. भिंतीकडे बघितलं. तिसरी ओळ शोधू लागले. ओळी कुठेच नव्हत्या, सगळं काळं.

"ती कुठाय रे?" त्यांनी मला विचारलं.

एकदा मी तिला सिमेंटमध्ये घातलं होतं, आता धुरात. मी रडलो, सगळ्या गावादेखत, बासष्टाव्या वर्षी. काजळीमुळे फारसं कुणाला कळलं नसावं अशी आशा आहे.

मुक्ता त्याच संध्याकाळी परतली. मला वाटलं ओरडेल. ती ओरडली नाही, ते जास्त वाईट होतं. तिने विचारलं, भिंतीला पाणी लागलं का? मी म्हटलं, नाही, सगळं मला लागलं. तेव्हा कुठे तिने श्वास सोडला. काजळी ओली झाली असती तर चुन्यात मुरून कायमची बसली असती, कोरडी आहे तोवर उचलता येते, म्हणाली. आणि मग तिने आम्हाला पाव आणायला पाठवलं.

पाव, खायचाच. आदल्या दिवसाचा. आतला मऊ भाग काढायचा, भिंतीवर हलके दाबायचा, घासायचा नाही, उचलायचा. काजळी पावाला चिकटून येते. विलास म्हणाला, देवीच्या देवळात पाव? पोर्तुगीजांनी विहिरीत पाव टाकून गावं बाटवल्याची गोष्ट आमच्याकडे शेंबडी पोरंही सांगतात, त्यामुळे सगळे जरा घुटमळले. नानांनीच पहिला पाव उचलला आणि म्हणाले की देवी इतकी वर्षं अरुणला सहन करते, पावाचं काय घेऊन बसलात.

तीन दिवस पाचही घरांतल्या बायका त्या भिंतीसमोर पाव दाबत बसल्या होत्या. लेकीसुना, सासवा, सगळ्या. हळूहळू हात वर येऊ लागले, आणि आला हात की भांडण. हा माझा, नाही हा माझ्या सासूबाईंचा, तुमचा एवढा नाजूक कधी होता. एकमेकींचे तळवे भिंतीजवळ धरून ताडून पाहणं चाललं होतं. दुसऱ्या दिवशी विलासही बसला. त्याने दारालगतचा एक कोपरा धरला आणि पाव दाबत राहिला. तासाभराने त्याच्यासमोर एक रुंद तळवा उमटला. त्याच्या आईचा. विलास सहा वर्षांचा असताना ती गेली होती. त्याने पाव खाली ठेवला आणि बाहेर जाऊन केळींत उभा राहिला. नव्या देवळाचा नकाशा त्यानंतर मी पाहिलेला नाही.

कोनाड्याजवळची जागा मुक्ताने स्वतः साफ केली. नाना शेजारी बसून होते. काळ्यातून आधी तळवा आला, मग अंगठा, मग ती वळलेली करंगळी. भाजलेल्या गिलाव्याची एक भेग तळव्यापर्यंत येऊन थांबली होती. नानांनी एकदाच मान हलवली, देवळात शिरताना ओळखीचं माणूस दिसल्यावर हलवतात तशी.

भिंत घटस्थापनेपर्यंत पूर्ण झालीच नाही. तडकलेला गिलावा काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. घट बसला तो अर्ध्या उघड्या दगडांसमोर, आणि कुणीही तक्रार केली नाही. त्याच दिवशी आरतीनंतर मुक्ताने हातांवरच्या टोच्यांचं काय करायचं ते विचारलं. टोचे चुन्याने भरता येतील, रंग किंचित वेगळा ठेवू, म्हणजे जुनं कुठलं आणि दुरुस्ती कुठली ते लपणार नाही. बायकांनी आपापले हात भरून मागितले. मी म्हटलं, काकूचा हात आधी भरा. निदान माझे टोचे तरी बुजू देत.

नाना म्हणाले, "तिचा भरू नका. बेचाळीस वर्षं संसार केला तिने माझ्याबरोबर. तिला टोचे लागले नाहीत असं दाखवलंत तर ती मलाच जाब विचारेल. त्यातले निम्मे माझे असतील."

मी त्यांच्या पाया पडलो. पंधरा वर्षांपूर्वी जे मागायला हवं होतं ते मागितलं. त्यांनी पाठीवर हात ठेवला, काम खरंच चोख होतं म्हणाले, म्हणूनच तर एवढा त्रास झाला.

मग तिथेच भावकीची बैठक झाली. पहिला ठराव असा की देऊळ पाडायचं नाही, आहे ते जपायचं, आणि देखरेख मुक्ताने करायची. त्यावर थोडी चर्चा झाली, एकजण तटस्थ राहिला. दुसरा ठराव नानांनी मांडला: यापुढे देवळाच्या कोणत्याही कामात, भिंतीला, कौलाला, दाराला, अरुणने काहीही करू नये, विशेषतः मनापासून. पाच घरांच्या भावकीत एकमताने झालेला हा पहिला ठराव, आणि त्याला अनुमोदन मी दिलं.